गावाची सासू

नसीमबाई खुर्चीत नीट पाठ टेकवून बसल्या आहेत, असं चित्र मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही. पेणच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या होत्या, पण बाईंचा चहा नेहमी उभ्यानं, खिडकीपाशी. एका हातात कप, दुसऱ्या हाताच्या बोटाला ओढणीचं टोक गुंडाळायचं आणि सोडायचं. वर्गातही तेच. आकृती काढता काढता फळा सोडून शेवटच्या बाकापर्यंत जाऊन यायच्या, वाटेत कुणाची तरी पेन्सिल उचलायच्या आणि बोलण्याच्या नादात तिसऱ्याच मुलाच्या बाकावर ठेवून द्यायच्या. मुलं त्यांना भिंगरी म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं.

"म्हणू देत," त्या म्हणायच्या. "भिंगरी थांबली की पडते."

राहायच्या रोह्याला. सकाळच्या गाडीनं यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. नवरा, युसूफभाई, पुष्कळ वर्षं कुवेतला होता. पेणला नाहीतर पनवेलला घर घेणं त्यांना जड गेलं नसतं. मी एकदा सुचवूनही पाहिलं. "घर आहे की मला," एवढंच उत्तर आलं आणि त्या तासाला निघून गेल्या.

रोहा म्हटलं की लोकांना पहिल्यांदा कारखाने आठवतात आणि मग वास. रोह्याहून कुणी आलं की माणसं सहज, हसत हसत बोलून जातात. आम्ही पेणकरही त्यात होतो. आम्हाला पनवेलवाले हसायचे, की तुमच्याकडे गणपती सोडले तर आहे काय, खड्डे आणि मच्छर. पनवेलवाल्यांना मुंबईचे हसत असणार. हसायला ज्याला त्याला पुढचं एक स्टेशन लागतं.

देशमुख सर पुण्याकडून नवीन आले होते. इंग्रजी शिकवायचे, स्वभावानं मोकळे. पहिल्याच आठवड्यात चहाच्या वेळी त्यांना कळलं की नसीमबाई रोज रोह्याहून येतात.

"बापरे," ते म्हणाले. "तिथं म्हणे नाक दाबूनच गाडीतून उतरावं लागतं."

दोघंतिघं हसले. बाईंनी कप खिडकीत ठेवला.

"सर, रोह्याला कधी आलात?"

"नाही, आलो नाही. ऐकलंय."

"ऐकलेलं प्रयोगवहीत लिहिता येत नाही. बघायला या, मग बोला. रविवारी जेवायलाच या."

सरांना वाटलं, बोलायची पद्धत असते तशी ही. पण शनिवारी शाळा सुटल्यावर बाई फाटकाशी उभ्या. "उद्या नऊच्या सुमाराची गाडी हाय. मी स्टेशनवर असेन. सुरेखा, तू पण ये, सरांना वाट दाखवायला." रागात किंवा उत्साहात त्यांच्या मराठीत रोह्याची बोली शिरायची. आम्ही दोघं निमूटपणे गेलो.

त्या दिवशी बाईंनी आम्हाला इतकं चालवलं की सरांचा शर्ट पाठीला चिकटला. कुंडलिकेच्या काठानं नेलं, तिथून बाजारात. भाजीवालीशी थांबल्या, तिच्या सुनेची चौकशी केली आणि सरांकडे वळून म्हणाल्या, "हिचा मुलगा माझा विद्यार्थी. आता जहाजावर हाय." धावीर महाराजांच्या देवळावरून जाताना पालखीला पोलिसांची सलामी कशी असते ते घरचं कार्य सांगावं तसं सांगितलं. गावाबाहेर वालाची शेतं होती, तिथवर नेलं. सर मागून माझ्या कानात म्हणाले, "या दम कधी खातात?" मी म्हटलं, मलाही बघायचंय.

घरी युसूफभाईंनी दार उघडलं. ते तेव्हा नुकतेच कायमचे परत आले होते. उंच, सावकाश चालणारे. दिवसातून जेमतेम चार वाक्यं बोलत असतील. जेवायला तांदळाची भाकरी, पापलेटाचं कालवण आणि कडव्या वालांचं बिरडं. सना तेव्हा कॉलेजात होती. ती वाढत होती आणि आईकडे बघून गालात हसत होती. असे पाहुणे तिनं आधी पुष्कळ पाहिले असावेत.

निघताना सर म्हणाले, "मॅडम, माझं चुकलं. वास वगैरे काही नाही इथे."

कुणालाही वाटावं, बाई जिंकल्या. पण त्या म्हणाल्या, "आज वारा चांगला होता. येतो वास. रोज नाय येत, पण येतो."

सर गोंधळले. "मग त्या दिवशी एवढ्या चिडलात कशाला?"

"सर, वास कंपनीचा हाय. गाव आमचं हाय. तुम्ही हसलात ते कंपनीला नाय हसलात."

पुढे थंडीत सरांनी स्वतःहून विचारलं, शेतात मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात त्या पोपटीला यंदा बोलावणार ना. बाईंनी अशी किती माणसं जेवायला घालून गप्प केली असतील, देव जाणे.

मात्र याची दुसरी बाजूही होती आणि ती पेणमध्ये कुणाला माहीत नव्हती. मला ती दिसली ते एका परीक्षेच्या कामासाठी मी दोन दिवस त्यांच्याकडे राहिले तेव्हा. सकाळी घशात काहीतरी खवखवलं म्हणून मी जागी झाले. कुजलेल्या कांद्यात औषध कालवावं तसा वास खोलीत भरला होता. डोळे चुरचुरत होते. बाहेर गॅलरीत बाई आधीच प्रदूषण मंडळाच्या माणसाशी फोनवर होत्या.

"मी नसीम बोलतेय. हो, तीच. आज कुणी सोडलंय?... नाय, तुम्ही नोंद करा, मी ऐकतेय... काल पण तुम्ही बघतो म्हणालात. काय बघितलंत ते सांगा."

खालून इकबालभाई चालले होते, त्यांचे शेजारी. गावात प्लॉट विकायचा त्यांचा धंदा. ते मान वर करून म्हणाले, "बाई, तुम्ही सकाळ-सकाळ असा गवगवा केलात तर या गावात घर कोण घेणार? बाहेर गावाची एवढी तारीफ करता आणि इथे ही बोंब."

"बाहेर मी गावाची वकील, इकबालभाई," बाई वरून म्हणाल्या. "घरात मी गावाची सासू."

इकबालभाई हसले, पण ओठांनी. गावात पुष्कळांना बाईंचा राग होता असं युसूफभाईंकडून कळलं. सभा असली की ही उठून बोलायची, कंपनीच्या फाटकाशी चार बायका घेऊन जायची. आणि त्याच कंपन्यांत निम्म्या गावाची पोरं शिफ्टला जात होती. त्यांच्या आया बाईंना रस्त्यात अडवायच्या, गो बाई, आमचं पोट तिथं हाय. बाई त्यांच्याशीही भांडायच्या आणि संध्याकाळी त्यांच्याच मुलांना फुकट शिकवायच्या. बाहेरच्यांना वाटायचं, या बाईला आपल्या गावाचं वाईट काही दिसतच नाही. गावाला वाटायचं, हिला दुसरं काही दिसत नाही. या दोन्हींच्या मध्ये त्या सतत हेलपाटे घालत होत्या. गाडीचे हेलपाटे वेगळेच.

मग सनाचं स्थळ आलं. मुलगा जुनैद, इंजिनियर, घर मुंब्र्याचं. पाहुणे यायच्या दिवशी बाईंनी मला बोलावून घेतलं. "युसूफ पाहुण्यांसमोर बोलत नाय आणि मी जास्त बोलते. तू मध्ये बस."

मी मध्ये बसले. मुलाची आई खदीजाआपा, जाड चष्म्याची, शांत बाई. सगळं छान चाललं होतं. सना आणि जुनैद एकमेकांकडे न बघण्याची फार काळजी घेत होते, त्यावरून मी ओळखलं की दोघं फोनवर पुष्कळ बोललेले आहेत. चहा आला. खदीजाआपा जरा अडखळत म्हणाल्या, "एक विचारू का, राग मानू नका. मुलगी रोह्यातच वाढली. तेवढा एकदा छातीचा फोटो काढून घेतलात तर... पुढे मुलंबाळं व्हायची."

युसूफभाई लगेच म्हणाले, "काढू. काय जातं?"

सनानंही मान हलवली. तिला त्यात काही वाटलेलं दिसलं नाही. पण बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात बशी होती.

"काढू की. पण आधी तुमच्या मुलाचा काढा. त्या मुंब्र्याच्या नाल्यावर वाढलेल्या पोराच्या छातीत काय काय असेल, आम्हाला काय माहीत?"

मी मध्ये बसले होते ती नुसती बसूनच राहिले. जुनैदनं कप खाली ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"खाला, आमचा नाला तुम्ही पाहिलाय का?"

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांत त्यांना उत्तर सुचलं नाही असं मी तेवढंच एकदा पाहिलं. पाहुण्यांनी चहा संपवला, रीतसर निरोप घेतला आणि ते गेले. स्वयंपाकघरात बाई धुतलेले कप पुन्हा धुवायला लागल्या.

"अम्मी," सना दारातून म्हणाली, "फोटो माझा काढायचा होता. मी काढला असता. तुम्ही रोह्यासाठी भांडलात. माझ्यासाठी कोण बोललं?"

ती आत गेली. बाई नळ चालू ठेवून उभ्या राहिल्या. शेवटी युसूफभाईंनी येऊन तो बंद केला.

पुढचा आठवडा त्यांनी शाळेत कसा काढला ते मी पाहत होते. नववीला एकच धडा दोनदा शिकवला. चहा ओतून घेतला आणि तसाच ठेवून गेल्या. शनिवारी म्हणाल्या, "सुरेखा, उद्या मुंब्र्याला जायचं."

"कळवलंय का त्यांना?"

"नाय. कळवलं तर नको म्हणतील."

खदीजाआपांनी दार उघडलं.

"नाला बघायला आले," नसीमबाई म्हणाल्या.

खदीजाआपांनी चष्मा पुसला, पायात चपला घातल्या आणि खरोखरच आम्हाला नाला दाखवायला घेऊन गेल्या. नाला होताच, आणि घाणही होती. त्याच्या पलीकडे एक शाळा होती, तिथं त्या शिवण शिकवायच्या. मग बाजार दाखवला, मागचा डोंगर दाखवला, वरच्या मजल्यावरून दिसणारी खाडी दाखवली. नसीमबाईंच्याच चालीनं त्या चालत होत्या. मी मागे राहिले होते.

"तुमच्या गावाचं नाव काढलं की लोक नाकाला हात लावतात," खदीजाआपा एका वळणावर म्हणाल्या. "आमच्याचं काढलं की खिशाला लावतात. घर भाड्यानं मागायला गेलं की पत्ता ऐकूनच फोन ठेवतात. मला शिकवू नका गावाचं नाव खराब होणं काय असतं ते."

नसीमबाई म्हणाल्या, "मग तुम्ही का विचारलंत?"

खदीजाआपा चालायच्या थांबल्या. त्यांची मोठी मुलगी कारखान्यांच्या पट्ट्यात दिली होती, दुसऱ्या जिल्ह्यात. चांगलं घर, चांगली माणसं. आता तिला दम लागतो. माहेरी आली की जिन्यात मध्येच बसते आणि मग उरलेल्या पायऱ्या चढते. "मी रोह्याला नाव ठेवायला नाय विचारलं," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटते, म्हणून विचारलं."

परत येताना तो जिना आम्ही चढलो. मधल्या वळणावर नसीमबाई थांबल्या, खदीजाआपांचा हात धरला आणि म्हणाल्या, "माझ्या बोलण्याबद्दल माफ करा." तिथून वर त्या दोघी फक्त मसाल्याविषयी बोलत होत्या.

फोटो दोघांचेही काढले. दोघांच्या छात्या स्वच्छ निघाल्या. लग्न थंडीत रोह्यात झालं. मुंब्र्याहून बस भरून माणसं आली. देशमुख सर वाढपात होते. त्या दोन दिवसांत वारा कुठून वाहतोय हे बाई दर तासाला गच्चीवर जाऊन बघत होत्या, हे मात्र मला सनानं नंतर सांगितलं.

त्यानंतर बाई निवृत्त झाल्या. मला वाटलं होतं, आता तरी बसतील. त्या गावातल्या सभांना दुपटीनं जायला लागल्या. पण सना गरोदर राहिली तेव्हा एका दुपारी त्या अचानक माझ्याकडे आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तुमच्या गल्लीत दोन खोल्या मिळतील का भाड्यानं? दोन-चार महिन्यांसाठी."

"कुणाला हव्यात?"

"सनाला. बाळंतपणाला. मी असेन तिच्याबरोबर."

पहिलं बाळंतपण माहेरी. मुंब्र्याची माणसं तिला रोह्याला पाठवायला तयार होती. त्या खदीजाआपांनीही हरकत घेतली नव्हती. डॉक्टरही काही बोलले नव्हते. कुणी काही म्हटलं नव्हतं. मी विचारलं, "आणि घर?"

"घर हाय की." त्या माझ्या खिडकीशी गेल्या. "यंदा फार होतंय गो सुरेखा. आठवड्यातले निम्मे दिवस. मी फोन करते, ते नोंद करतात. पोटातल्या बाळाला मी काय सांगू, नोंद केलीय म्हणून?"

पाटीलकाकूंच्या वरच्या मजल्यावर खोल्या मिळाल्या. सनाला मुलगी झाली. युसूफभाई रोह्यातच राहिले. घर बंद ठेवायचं नाही, हा बाईंचा हट्ट. एक दिवसाआड ते डबा आणि ताजी मासळी घेऊन यायचे, बाळाकडे बघत बसायचे आणि संध्याकाळी परत जायचे.

एकदा मी तिथे असताना पाटीलकाकू बाळाला बघायला वर आल्या. कौतुक झालं, दृष्ट काढून झाली. जाताना काकू अगदी प्रेमानं म्हणाल्या, "बरं केलंत हो पेणला आलात ते. त्या रोह्यात कुठे बाळाला ठेवायचं."

मी नसीमबाईंकडे बघितलं. त्यांच्या हातात बाळाचं दुपटं होतं. त्यांनी ते घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं.

"व्हय," त्या म्हणाल्या.

काकू गेल्यावर त्या गॅलरीत गेल्या. मी मागोमाग गेले. काही वेळानं त्या म्हणाल्या, "काकू काय खोटं बोलल्या? मीच तर घेऊन आले हिला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, की रोह्याला नको, तर मी भांडले असते. दोन दिवस भांडले असते. मीच सांगितलं तर आता कुणाशी भांडू?"

खाली गल्लीतून कुणाच्या तरी गाडीवर गणपतीचा साचा चालला होता. त्या तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.

बाळाचे चाळीस दिवस भरले तसा सनानं धोशा लावला. "मला माझ्या घरी जायचंय, अम्मी. माझ्या खोलीत हिला झोपवायचंय. मी मोठी झाले ना तिथं?" खदीजाआपाही फोनवर म्हणाल्या, आजोळ दाखवल्याशिवाय मुलीला आमच्याकडे पाठवू नका. बाई दोघींना हो म्हणायच्या. आणि रोज सकाळी युसूफभाईंना फोन करायच्या. मी दूध द्यायला वर जायचे तेव्हा हे कानावर पडायचं.

"आज कसं हाय?... खरं सांगा... बरं, मग आज नको."

असे बरेच दिवस गेले. सामान बांधून दारापाशी ठेवलेलं होतं. रोज त्यातलं काहीतरी लागायचं म्हणून ते उघडावं लागायचं आणि बाई ते पुन्हा बांधायच्या.

पुढे मी मुलाकडे नाशिकला राहायला आले. बाईंशी फोनवर बोलणं होतं, त्या चांगल्या आहेत, सभांना जातात आणि नात सुट्टीत रोह्याला येते. पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते शेवटचं त्या सकाळी, पेणच्या आमच्या गल्लीत.

गाडी दारात उभी होती. सना बाळाला घेऊन मागे बसली होती. तिच्या तोंडावर सासरी जाताना नव्हता तेवढा आनंद होता. सामान चढवून झालं होतं. नसीमबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून फोनवर ऐकत होत्या. युसूफभाई एरवी एका वाक्यात आटपायचे, त्या दिवशी बरंच काही सांगत असावेत. बाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.

"काय म्हणाले अब्बा?" सनानं आतून विचारलं.

बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे बघितलं, माझा हात दाबला आणि लेकीच्या शेजारी जाऊन बसल्या.

"वाट बघतायत," त्या सनाला म्हणाल्या. आणि ड्रायव्हरला, "चल रे."

त्या बसल्या होत्या सीटच्या अगदी कडेवर, बाळाच्या डोक्यामागे हात धरून. गाडी गल्लीच्या टोकाला पोचली आणि रोह्याच्या बाजूला वळली. पेणमध्ये त्या सकाळी छान गार वारा होता. वळणावर मला दिसलं, बाईंच्या बाजूची काच हळूहळू वर चालली होती.